सागवानी पाऊल

उमरगा, फेब्रुवारी १९४६

प्रिय गुरुलिंग,

काल रुद्रम्माआत्या येऊन गेली. तुझा लाकडी पाय पिशवीत घालून, मुरुमहून मोटारीनं. पाऊल पुन्हा झिजलंय, बदलून दे म्हणाली. “माझं पोरगं रोज शेताला जाऊन येतंय गं, टिकंल कसं? लाकूडच हाय ते, लोखंड न्हाय!” वर स्वतःच हसली. चहा घेतला आणि गुडघे धरत बाजाराला गेली.

पुण्याला हे काम शिकताना आम्हाला आधी झिजलेलेच पाय हातात देत. लाकूड कशावर घासलं, ते लाकडावर दिसतं. मुरमाड वाटेनं चालणाऱ्याची टाच मागून, बाहेरच्या कडेला उतरते. चरे लांबीला पडतात. मऊ मातीत कडा गोल होतात. घोट्यातली लोखंडी खीळ हलून हलून आपलं भोक लांबट करते. चामड्याचा पट्टा लागतो तिथं लाकूड उलट चकाकतं.

तुझ्या पायाचं भोक मी पाडलं तसंच गोल आहे. पट्ट्याखाली चकाकी नाही. तळवा मात्र टाचेपासून बोटांपर्यंत सारखा सपाट उतरलाय. चरे आडवे, आणि चऱ्यांत पिवळं. नखानं काढून वास घेतला. हळद.

म्हणजे आत्यानं तो पाट्यावर घासलाय. तू चालतच नाहीस.

तिला बोलू नकोस. कापसाच्या जिनिंगमध्ये यंत्राच्या पट्ट्यात पाय गेल्यावर तूच म्हणालास, मामाच्या दारी चालत येईन तेव्हाच लग्नाची तारीख धरा. ठरलेलं मोडू नये म्हणून ती मला तुझी पावलं पुरवतेय. मीही दिवसभर लोकांचे पाय बसवते आणि घरी आईला सांगते, आता बराच चालतोय. आप्पा तेवढ्यात उठून बाहेर जातात. मी दमलेय, गुरुलिंग.

हैदराबादच्या एका दवाखान्यात मला जागा मिळतेय. होय की नाही, ते या महिन्यात कळवायचंय, म्हणून हे लिहिलं. चालत येण्याची अट तुझी होती. मी कधी घातली नाही. सोमवारी पाय घेऊन मीच मुरुमला येते. लग्न नको असेल तर खाटेवर बसूनच सांग, पण तू सांग, आत्याला पाठवू नकोस. हवं असेल तर उठून उभा राहा. पट्टे मी आवळीन. नंतर पडलास तरी हरकत नाही, पहिल्या दिवशी सगळेच पडतात.

तुझीच, अजून तरी,
शिवगंगा