शेळ्यांच्या आरोळीवर उठणारा हात

मु. पो. हट्टा

चि. शिवशंकर यास सुभद्राताईचे पोटभर आशीर्वाद. तुझी खुशाली कळव. तुझ्या बायकोची, सरिताची कंबर कशी आहे, तेही लिही. इकडे तुझे दाजी ठणठणीत आहेत, फक्त टोपी जळाली. ते सविस्तर सांगते.

शेळीने दावं ओढून मला पाडलं तेव्हापासून उजवा हात खांद्यातून वर जात नव्हता, हे तू जाणतोसच. मागच्या भाऊबिजेला तुला आमच्या सीमाने ओवाळलं आणि मी चुलीपाशी बसून रडले. (लोकांना वाटलं, धूर.) यंदा वसमतच्या व्यायामवाल्या करुणा मॅडमनी दंडाला चिकटपट्ट्या लावून कमरेला एक डबी बांधली. या डबीला कान आहे. आपण बोललो की ती दंडात बारीक करंट सोडते आणि हात उचलला जातो. आवाज मोठा, तर हात उंच. आपणही सोबत जोर लावायचा. मॅडम म्हणाल्या, "मावशी, रोजच्या आवाजात बोला." आता माझा रोजचा आवाज म्हणजे शेळ्यांना बोलवायची आरोळी. डबी त्या आरोळीलाच बेतली गेली. त्यामुळे घरी व्यायाम सुरू केला की हात वर जातो आणि झाडून साऱ्या शेळ्या ओसरीवर येतात.

परवा म्हटलं, ओवाळून बघावं. दाजींना पाटावर बसवलं (पाडव्याआधीच मान मिळाला म्हणून स्वारी खूश), ताट घेतलं आणि आरोळी दिली. हात झकास वर गेला. शेळ्याही आल्या. एकीने सुपारी खाल्ली, दुसरी दाजींच्या मांडीवर चढली. ते ओरडले, "अगं, हाकल हिला!" त्या ओरडण्याने हात आणखी वर, ताट तिरपं आणि निरांजन थेट टोपीवर! "टोपी जळून राहिली ना माही!" असं ते ओरडले की हात अजून वर. टोपी बादलीत बुडवली, तरी यांची बोंब थांबेना आणि माझा हात उतरेना. मला हसू फुटलं, तर हसण्यानेही तेच. शेवटी डाव्या हाताने गप्प बसायची खूण केली. लग्नानंतर पहिल्यांदाच हा माणूस हात जोडून गप्प बसला, तेव्हा कुठे ताट खाली आलं.

लेकरांना पापा.

तुझी ताई

ता. क. डबी मॅडमना परत दिली. काल पट्ट्या न लावता, तोंड मिटून ताट उचललं. थरथरत गेला, पण हात माझा मीच वर नेला. एवढा आनंद सीमा झाली तेव्हा झाला होता. तेव्हा सुट्टी नाही वगैरे मी ऐकणार नाही. भाऊबिजेला ये आणि माझ्यासमोर बस.

आणखी एक. वर गेलेला हात खाली येताना अजून घाई करतो. पाया पडशील तो जरा लांबूनच.