नव्या बोटीमागची पहिली फेरी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, तलावावरच्या वॉटर स्की क्लबची बोट एकतीस वर्षे चालवणारी आणि सर्वांना 'बोटवाली' म्हणूनच ठाऊक असलेली, आज पूर्ण शुद्धीवर राहून आणि कोणाच्याही दबावाला बळी न पडता माझ्या पश्चात काय व्हावे ते लिहून ठेवत आहे. दबाव आणणारे पुष्कळ येऊन गेले. त्यांचा समाचार कलम पाचमध्ये घेतला आहे.

कलम एक. याआधीची माझी दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. पहिल्यात सगळे नवऱ्याला दिले होते, पण तोच माझ्याआधी निघून गेला. दुसरे रागाच्या भरात केले होते. त्यात एका माणसाबद्दल 'याला काहीही देऊ नये' हे वाक्य तीनदा आले आहे. वकीलबाई म्हणाल्या, "एकदा लिहिलं तरी पुरतं हो." तेव्हा मला पुरत नव्हते.

कलम दोन. राहते घर आणि बँकेतली शिल्लक मुलीला. घर तिने खुशाल विकावे, मी आड येणार नाही, येऊ शकणारही नाही. फक्त घेणाऱ्याला एवढे सांगावे की न्हाणीघरातले नळ उलटे बसले आहेत, गरम पाणी निळ्या नळाला येते. जावयाला हे सात वर्षे कोणी सांगितले नाही. मी तर मुद्दामच सांगितले नाही.

कलम तीन. पाने, पकडी, ग्रीसची पिचकारी आणि पत्र्याची मोठी पेटी क्लबच्या मेकॅनिकला. पेटीतला तेरा नंबरचा पाना मुळात त्याचाच आहे. नऊ वर्षे तो शोधतो आहे आणि नऊ वर्षे मीही त्याच्याबरोबर वाकून वाकून शोधते आहे. माफी असावी.

कलम चार. माझे नारिंगी लाइफ जॅकेट जावयाला. तो आयुष्यात एकदाच स्कीवर उभा राहिला, बोट सुरू होण्याआधीच पडला आणि वर येऊन म्हणाला, "आई, तुम्ही फार जोरात नेली." माणूस मनाचा चांगला आहे. जॅकेट त्याने घरातही घालायला हरकत नाही.

कलम पाच. आता मुख्य मुद्द्याकडे येते.

आमच्या क्लबची नवी बोट येत्या एप्रिलमध्ये येणार आहे. स्पर्धेची बोट आहे, तळ संपूर्ण नव्याने आखलेला. स्की न करणाऱ्यांसाठी सांगते. बोट पळते तेव्हा तिच्यामागे पाण्याचा एक उंचवटा उठतो आणि दोरी धरून मागे येणाऱ्याला प्रत्येक वळणाला तो ओलांडावा लागतो. जुन्या बोटीचा उंचवटा म्हणजे रस्त्यावरचा गतिरोधक. त्याने कित्येकांचे गुडघे खाल्ले. नव्या बोटीचा उंचवटा म्हणे पायाला जाणवणारसुद्धा नाही. हे 'म्हणे' आम्ही तीन वर्षे ऐकतो आहोत. दोनदा तारीख पुढे गेली, दरवेळी तळात अजून थोडी सुधारणा चालू असल्याचे पत्र आले आणि दरवेळी मंडळींचा जीव आणखी टांगणीला लागला. कपडे बदलायच्या खोलीत बोटीचे चित्र लावले आहे. सचिवसाहेब जाता येता त्यावरून हात फिरवतात, म्हणून चित्रातल्या बोटीचा रंग एव्हाना उडाला आहे. क्लबातल्या दाताच्या डॉक्टरांनी स्वतःच्या गुडघ्याचे ऑपरेशन पुढे ढकलले. नव्या बोटीमागे एकदा जाऊन मगच कापायला देईन म्हणतात.

एक गोष्ट मात्र कोणालाच सुचलेली नाही. जुन्या उंचवट्यावर गुडघे वाकवायची सगळ्यांना एकतीस वर्षांची सवय लागली आहे. तो आलाच नाही, तर अंधारात नसलेली पायरी उतरावी तसे पहिल्या दिवशी एकूण एक जण तोंडावर आपटणार. मी हे कोणालाही बोललेले नाही. ते बघायला मिळावे एवढ्यासाठी तरी मला एप्रिलपर्यंत जगायचे आहे. हृदयाच्या डॉक्टरांचे मत वेगळे आहे. ते म्हणाले, "उन्हाळ्याचे बेत नका करू." म्हणूनच हा कागद.

क्लबचा जुना नियम असा की नवी बोट आली की तिच्यामागे पहिली फेरी कोणी मारायची हे जुन्या बोटीच्या चालकाने ठरवायचे. म्हणजे मी. हे सर्वांच्या ध्यानात आल्यापासून मला जे लोणी लावले गेले, त्याने बोटीचे इंजिन वर्षभर चालले असते. सचिवसाहेबांनी माझ्या खुर्चीला गादी शिवून आणली. दाताच्या डॉक्टरांनी माझी कवळी फुकट घासून दिली. क्लबातल्या दोघी जुळ्या बहिणी वेगवेगळ्या येऊन एकमेकींच्या चुगल्या करून गेल्या. मी पहिली फेरी एकूण सात जणांना कबूल केली आहे. ही सातही वचने या कलमाने रद्द होत आहेत. गादी परत मिळणार नाही.

कलम सहा. पहिली फेरी माझ्या धाकट्या भावाला, म्हणजे 'बगळ्या'ला. आयुष्यभर दोन फळ्यांऐवजी एकाच स्कीवर उभा, म्हणून हे नाव. दुसऱ्या मृत्युपत्रातला काहीही न देण्याचा माणूस तो हाच.

अकरा वर्षांपूर्वीची स्पर्धा. दोरी सगळ्यात आखूड केलेली, आणि दोरी जितकी आखूड तितके वळण अवघड. पाण्यावर तरंगणारे खुणेचे सहा बोये, एक डावीकडे एक उजवीकडे, सहांनाही बाहेरून वळसा घालून गेला की क्लबचा विक्रम त्याचा. पाचवा गाठला आणि सहाव्याला पडला. धक्क्यावर येऊन सगळ्यांदेखत ओरडला, "ताई, तू बोट ओढलीस! डावीकडे नेलीस तू!" मी म्हणाले, "तुझा गुडघा कच्चा आहे, बोटीला नावं ठेवू नकोस." पंचांनी तपासले. बोट नियमात बसेल इतपतच हलली होती. कागदावर मी जिंकले. त्या दिवसापासून त्याने तलावावर पाऊल ठेवले नाही. लग्नाकार्यात भेटलो तर तो 'हं' म्हणतो, मीही 'हं' म्हणते. अकरा वर्षांत आमचे एवढेच बोलणे झाले.

आता खरे लिहिते. तो बरोबर होता.

मागचा माणूस वळणावर जोर लावतो तेव्हा दोरी बोटीला बाजूला खेचते. चालकाने तो हिसका बसायच्या क्षणभर आधी चाक उलट धरायचे असते. हे डोळ्यांनी होत नाही, पाठीला कळते. म्हणून चालकाने फक्त पुढे बघायचे. मागे बघायला बोटीत पंच असतो. त्या दिवशी मी आरशात पाहिले. पाचव्या बोयाला तो पाण्यावर इतका आडवा झाला होता की कोपर भिजत होते, आणि चेहरा मात्र खिडकीत बसून पाऊस बघणाऱ्यासारखा शांत. माझा भाऊ इतके सुंदर काही करू शकतो हे मी तोवर पाहिलेच नव्हते, कारण मी नेहमी पुढे बघत आले होते. बघत राहिले. चाक उशिरा धरले. बोट चार बोटे डावीकडे गेली.

हे त्याच दिवशी सांगितले असते तर अकरा वर्षे वाया गेली नसती. अहंकार आडवा आला. मला त्याची फार आठवण येते. बोट आली की त्याला बोलवावे, दुसऱ्या कोणाला दोरीला हात लावू देऊ नये.

ठिकाण: माझ्या घरचे जेवणाचे टेबल. दिनांक: बारा फेब्रुवारी. सही: बोटवाली.

पुरवणी, त्याच टेबलावर, त्याच दुपारी, हाताने लिहिलेली.

माझी सही झाली. पहिला साक्षीदार म्हणून मेकॅनिकचे वडील आले होते, त्यांनीही केली. दुसरा साक्षीदार वकीलबाईंचा कारकून होता, तो तापाने पडला. तेवढ्यात दारात बगळा उभा. कलम सहामध्ये नाव आहे म्हणून वकीलबाईंनी मला न विचारता त्याला बोलावले होते. त्यांची फी वेगळी बघून घेईन.

तो बसला नाही. कागद उचलला, कलम सहा उभ्यानेच वाचले, मग पुन्हा वाचले. मी टेबलावरच्या डागाकडे बघत होते. मग म्हणाला, "पेन द्या."

त्याने दुसऱ्या साक्षीदाराच्या जागी सही ठोकली.

वकीलबाई किंचाळल्याच. "अहो, काय केलंत हे! साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नसतं. तुमचं कलम बाद झालं की!"

"माहितीये मला," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "ताई, तू मेल्यावर दुसऱ्या कोणाच्या मागे मी जाणार नाही. ओढायचं असेल तर स्वतः ओढ. एप्रिलला यायचं की नाही ते सांग."

मी म्हणाले, "डॉक्टर नको म्हणतात."

"डॉक्टरला पोहता येतं का?"

मला हसू आवरेना आणि रडूही, दोन्ही एकदमच आले. सबब कलम सहा रद्द. पहिली फेरी मी मागे ठेवून जाणार नाही, स्वतः देणार. उरलेले मृत्युपत्र कायम, आणि त्याचा अंमल एप्रिलआधी होऊ नये अशी माझी स्वतःला सक्त ताकीद आहे.

सही: बोटवाली.

साक्षीदार एक: मेकॅनिकचे वडील, निवृत्त पोस्टमन.

साक्षीदार दोन: धाकटा भाऊ. या मृत्युपत्रातून मला काहीही मिळत नाही, हे समजून उमजून आणि राजीखुशीने सही केली आहे.