मीठ चाखताना पंखा

२ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद, आणि त्याच्या दुप्पट राग.

चिमणीचं लग्न पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला, आणि मामा येणार नाही असं तू तिला दोन ओळींत कळवतोस? पोरीने ती चिठ्ठी मला दाखवली आणि आत जाऊन दार लावून घेतलं. तिच्या वाढदिवसालाही तू भरल्या ताटावरून उठून गेलास. हे अजून विचारतात, माझं काही चुकलं का. अरे, माणसं जमली की गलका होणारच. लक्ष देऊ नये. मी नाही का शिवणाच्या दुकानात सहा मशिनी दिवसभर सोसत?

उत्तर पाठव. रागावलेली असले तरी तुझीच,
ताई

९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. पाठ धरलीय, म्हणून साष्टांग कागदावरच.

भावोजींचं काहीच चुकलं नाही. त्या दिवशी चमचे, पंखा, कुणाच्या तरी बांगड्या, सगळं एकाच जोराने आत येत होतं. त्यात भावोजी काय बोलतायत तेच सापडेना. इथल्या डॉक्टरीणबाईंनी मला वायरींची टोपी घालून हे मोजलं. कानात एक 'टक्', अर्ध्या सेकंदाने दुसरी. पहिलीला मेंदू दार उघडून बघतो. दुसरीला 'मघाचंच आहे' म्हणून उठत नाही. माझा दोन्ही वेळा धावत जातो. स्किझोफ्रेनियात पुष्कळांचं असं होतं म्हणे. गोळ्यांनी भास थांबले, हा दारवान मात्र सुधारला नाही.

तुलनेला घरातलं एक शहाणं माणूस हवंय. नाइलाजाने तुझं नाव दिलंय. फक्त मीठ चाखताना तू पंखा बंद करतेस हे त्यांना सांगू नकोस, घराण्याचं हसं होईल.

चिमणीला सांग, मामाला यायचंय गं. भर लग्नातून पळालो तर तिची मान खाली जाईल, याचीच भीती वाटते.

लोभ असावा, हळू आवाजात.
धाकटा

२७ मार्च

चि. धाकट्या,
आशीर्वाद. राग परत घेतला.

टोपी घालून आले त्याला आठवडा झाला. आज डॉक्टरीणबाईंचा फोन आला. माझाही मेंदू दोन्ही टकटकींना धावतो! घाबरू नका, हा आजार नव्हे, सख्ख्या भावंडांत कधीकधी असं सापडतं, म्हणाल्या. पंख्याचं मीच सांगून टाकलं. त्या हसल्या नाहीत.

मग मला रडूच आलं. मला वाटायचं, सगळ्यांनाच असं ऐकू येतं आणि सगळे निमूट सोसतात. तूच तेवढा नाजूक. दिवसातून तीनदा मी कापडाच्या कोठीत जाऊन बसते. दुकानातल्या पोरींना सांगते, बटणं मोजतेय. आणि तुला मात्र जन्मभर लक्ष देऊ नकोस म्हणून दटावत आले. चुकले रे.

लग्नाच्या हॉलमागे एक खोली आहे. तिला मी दुहेरी अस्तराचे पडदे शिवलेत. चिमणीने स्वतः तिथे दोन खुर्च्या ठेवायला सांगितल्यात. हवं तेव्हा ऊठ, कुणी विचारणार नाही.

लोभ आहेच, तो घ्यायला समक्ष ये. आणि खोलीचं दार हळूच ढकल. मी आधीच आत बसलेली असेन.

तुझी,
ताई