यंदा ब्राझीलचं काय

गिरीज, वसई
जि. ठाणे
७ एप्रिल २००२

चि. आग्नेल यास अ. उ. आ.

आज रविवार. सकाळी चर्चमध्ये सातच्या मिस्साला गेलो. बाबा बरोबर होते. येताना आईच्या कबरीवर मेणबत्ती लावली, ती वाऱ्याने दोनदा विझली. घरी येऊन पेज खाल्ली. दुपारी केळींना पाणी सोडलं. एवढंच झालं.

आईला जाऊन तीन महिने होत आले. ईस्टर साधाच केला. पॉलिन मावशीने कुंपणावरून केक दिला, तो मी ऑफिसात नेऊन वाटला. घरात खाणार कोण? माणिकपूरच्या ऑफिसातून मी सहापर्यंत परत येतो, तोवर बाबा ओटीवर बसून असतात. त्यांना ऐकू कमी येतं हे तुला माहीत आहेच. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढलाय. डॉक्टर म्हणतात, पावसाळ्यानंतर ऑपरेशन करू.

आपल्याकडे वर्षभर दुखवटा पाळतात, तेव्हा टीव्हीही मी बंद केला. वायर काढली आणि वर आईने विणलेला टेबलक्लॉथ टाकला. बाबा खुर्चीतून बघत होते. काही बोलले नाहीत. त्यांना ते बरं वाटलं असावं.

एक मुद्दाम लिहितो. जूनमध्ये वर्ल्ड कप आहे. मागच्या वेळी आई प्रत्येक मॅचला बाबांच्या शेजारी बसायची आणि दर पाच मिनिटांनी विचारायची, यात आपले कोणते. बाबा चिडायचे, पण दर वेळी सांगायचे. यंदा ती खुर्ची रिकामी बघणं त्यांना जमणार नाही. म्हणून पत्रात किंवा फोनवर फुटबॉलचा विषय काढू नकोस. जून असाच निघून जाऊ दे.

जहाजावर जपून राहा. इंजिनरूममधून वर आल्यावर लगेच वाऱ्यात उभा राहत जाऊ नकोस. आठवण ठेव, आमची आहेच.

तुझा दादा,
स्टॅनी

---

गिरीज, वसई
२१ एप्रिल २००२

चि. आग्नेल यास बाबांचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी स्टॅनी ऑफिसला गेला की थोडे थोडे लिहितो. चौथा दिवस चालू आहे. डोळ्यांमुळे अक्षर मोठे काढावे लागते. ओळी एकमेकींवर चढल्या असतील तर तुझ्या शाळेतल्या पेनल्टी आठव. त्याही कुठेही जात.

तुझे जहाज मे महिन्यात ब्राझीलला सांतोस बंदरात लागणार असे तू कळवले होतेस. म्हणून एक काम सांगतो. यंदा ब्राझीलचे काय, ते तिथल्या लोकांना विचारून मला लिही. इथे सगळे अर्जेंटिना नाहीतर फ्रान्स म्हणतात. ब्राझील अठरापैकी सहा सामने हरून कसेबसे पोचले, गेल्या वर्षी होंडुरासनेही त्यांना हरवले, हे खरे आहे. तरी मला त्यांची आशा वाटते. हा नवा कोच तीन गडी मागे ठेवतो. त्यावर लोक हसतात, पण तीन मागे असले की दोन्ही कडांचे गडी पुढे धावायला मोकळे होतात. मी शाळेच्या टीमला तेच शिकवत होतो आणि हेडमास्तरही हसत होते. सगळा प्रश्न पुढच्या त्या एका खेळाडूच्या गुडघ्याचा आहे. दोन ऑपरेशने झाली आहेत. तो पूर्वीसारखा वळतो का, एवढे विचार. धावणे कोणालाही जमते, वळण्यात गुडघा कळतो.

आता दुसरी गोष्ट. स्टॅनीने टीव्ही झाकून ठेवला आहे. तो आईचा फार होता, रडला मात्र नाही. त्याचे दुःख असे वस्तू झाकण्यात दिसते. मी टीव्ही लाव म्हटले तर त्याला वाटेल, म्हाताऱ्याला चार महिन्यांत बायकोचा विसर पडला. म्हणून मी काही बोलत नाही. खरे तर तुझ्या आईनेच, इनेझने, आजारात मला सांगितले होते की मी नसले तरी मॅच बघा, नाहीतर तिकडे येऊन माझ्यावर खापर फोडाल. पण हे स्टॅनीला सांगितले तर मी सबब काढली असे होईल. तूही सांगू नकोस.

मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. पुढचा वर्ल्ड कप काही माझा नाही. बघायला मिळाला नाही तर निदान अंदाज तरी खरा की खोटा ते कळावे. जाड पेनाने, मोठ्या अक्षरांत लिही, म्हणजे माझे मला वाचता येईल.

देव तुझे रक्षण करो. वडिलांवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा बाबा,
प्लासिड

---

सांतोस बंदर
१८ मे २००२

ती. बाबांस शि. सा. न.

तुमचं पत्र आणि दादाचं पत्र, दोन्ही इथे एकदमच मिळाली. स्केचपेनने लिहितोय. एका पानावर आठ ओळी बसतात, म्हणून थोडक्यात.

इथे लोक फार रागात आहेत. कोचने एका जुन्या, लाडक्या खेळाडूला टीममध्ये घेतलं नाही, त्यावरून गोदीत रोज भांडणं होतात. माल मोजणारा क्लार्क म्हणतो, ही टीम दुसऱ्या फेरीतून परत येईल. कशावरही पैज लावणाऱ्या आमच्या कुकनेही त्याच्याशी पैज लावली नाही, यावरून ओळखा.

पण क्रेनवर एक म्हातारा आहे. तुमच्याच वयाचा वाटतो. त्याला गुडघ्याचं विचारलं, हातवारे करून. त्याने क्रेनच्या शिडीजवळ स्वतः वळून दाखवलं. म्हणाला, पूर्वी न थांबता वळायचा, आता किंचित थांबतो आणि मग वळतो. पण थांबतो म्हणूनच पुढचा बचाववाला फसतो. मग त्याने तीन बोटं मागे आणि दोन कडांना धरून दाखवली. बाबा, अगदी तुमच्यासारखी. बाकी सगळे हरणार म्हणतात. तुम्ही दोघंच जिंकणार म्हणता.

माझी पेनल्टी त्या दिवशी वाऱ्याने गेली होती. हे मी वीस वर्षं सांगतोय.

टीव्हीचं मी दादाला लिहितोय. रागवायचं असेल तर रागवा, पण मॅच बघून मग रागवा. आशीर्वाद असू द्या.

तुमचा,
आग्नेल

---

सांतोस बंदर
१८ मे २००२

प्रिय दादास स. न.

बाबांनी सांगू नको म्हटलं होतं, तरी सांगतो. त्यांना वर्ल्ड कप बघायचा आहे. तुला वाईट वाटेल म्हणून ते बोलत नाहीत. तू त्यांना वाईट वाटेल म्हणून टीव्ही झाकलास. तुमची दोन्ही पत्रं माझ्यासमोर आहेत आणि तुम्ही दोघं एकाच घरात राहता. आईनेही आजारात त्यांना मॅच बघा म्हणून सांगितलं होतं.

परवा फोन केला तो हेच सांगायला. इथे सगळीकडे फुटबॉलच चाललंय एवढं मी म्हटलं, तोच तू हळू आवाजात म्हणालास की तो विषय नको, बाबा समोरच बसलेत. मग मी हवापाणी विचारून फोन ठेवला. पत्रात नीट सांगता येईल असं वाटलं.

ब्राझीलची पहिली मॅच तीन जूनला आहे, तुर्कस्तानशी. आपल्याकडे दुपारी अडीच वाजता. पत्रं एजंटकडे देतोय, ती मुंबईच्या ऑफिसातून तुमच्याकडे येतील. वेळेत पोचावीत. आज रात्री जहाज सुटेल.

लहान भाऊ म्हणून बोललो, राग नसावा.

तुझा,
आग्नेल

---

गिरीज, वसई
१ जुलै २००२

चि. आग्नेल यास अ. उ. आ.

आज सोमवार. ऑफिसला गेलो नाही. सकाळी फादरांकडे जाऊन बाबांच्या महिन्याच्या मिस्साची तारीख ठरवली, नऊ तारीख. येताना सिमेतरीत बाबांच्या कबरीवर गेलो. मातीवर गवत उगवलंय. ते काढलं नाही.

कंपनीने तुला जहाजावर कळवलं, तेव्हा बाबा गेल्याचं तुला समजलं आहेच. कसं झालं ते लिहितो. सहा जूनला ताप आला. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात ठेवलं, छातीत कफ झाला होता. नऊ तारखेला सकाळी गेले. त्रास फार झाला नाही. अंत्यविधीला त्यांचे जुने विद्यार्थी खूप आले होते. खांदा त्यांनीच दिला, मला फार चालू दिलं नाही.

तुझी दोन्ही पत्रं अठरा जूनला आली. माझं लगेच वाचलं. बाबांच्या नावाचं पाकीट दोन दिवस उघडलं नाही, मग उघडलं.

तीन जूनचं तुला सांगायला हवं. त्या दिवशी मी अर्धी रजा घेतली होती. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे सव्वाचारचा नंबर होता. पावणेचारला घरी आलो तर बाबा नव्हते. शोधत गेलो, तर पॉलिन मावशीच्या घराच्या मागच्या अंगाला, खिडकीबाहेर छत्री घेऊन उभे होते. ऊन फार होतं. मला वाटलं, वाट चुकले. मी रागावलो. या वयात उन्हात उभं राहायचं का, असं मोठ्याने म्हणालो आणि हाताला धरून घेऊन आलो. वाटेत एकदा काही विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. मला वाटलं, डोळ्यांचं काही असेल.

मावशी त्याच संध्याकाळी मुलीकडे बाळंतपणाला गेली, ती परवा आली. तिला विचारलं. ती म्हणाली, ते अडीच वाजल्यापासून तिथे होते. तिने आत बोलावलं, तर म्हणाले, दुखवट्याच्या घरातला माणूस मी, तुझ्या घरात टीव्हीपुढे कसा बसू. तिने स्टूल बाहेर दिलं, तेही नको म्हणाले. बसलो तर मॅच बघायला आलो असं होईल. त्यांना चेहरे दिसत नव्हते, पिवळे शर्ट तेवढे दिसत होते. ती आतून मोठ्याने सांगत होती. तुर्कस्तानने आधी गोल केला. मग त्या गुडघ्याच्या खेळाडूने बरोबरी केली, तेव्हा बाबांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली, असं मावशी म्हणाली. त्यानंतर मी गेलो.

म्हणजे एक-एकवर मी त्यांना नेलं. ब्राझील शेवटी जिंकलं हे त्यांना कळलं की नाही, मला माहीत नाही. माझ्यापाशी त्यांनी विचारलं नाही. रोज संध्याकाळी मी त्यांना पेपर वाचून दाखवत असे, कानाशी मोठ्याने. जानेवारीपासून खेळाचं पान मी मुद्दाम सोडत होतो. चार जूनलाही सोडलं. ते शेवटपर्यंत ऐकत बसायचे, जाहिरातीसुद्धा. आता वाटतं, ते त्या पानाची वाट बघत असतील.

तू स्वतःला दोष देऊ नकोस. फोनवर तू बोलायला लागला होतास. मीच थांबवलं. मला वाटत होतं, मी त्यांना जपतोय. त्यांनाही माझ्याबद्दल तेच वाटत होतं. आपल्या घरात कोणी कोणाला विचारत नाही, हे आईला माहीत होतं. ती होती तोवर ती दोन्हीकडून बोलायची, म्हणून आपल्याला कळलं नाही.

अर्जेंटिना आणि फ्रान्स पहिल्याच फेरीतून गेले. काल ब्राझील फायनल जिंकलं. मी बघितली नाही. मावशीकडे ओरडा झाला, त्यावरून कळलं. बाबांचा अंदाज बरोबर निघाला. तुझा तो क्रेनवाला पुन्हा भेटला तर त्याला सांग.

महिन्याच्या मिस्साला तुला येता येणार नाही. त्या दिवशी असशील तिथे प्रार्थना कर. फोन करशील तेव्हा जे सांगायचं ते सांगत जा, मी मध्ये बोलणार नाही. आता आपण दोघंच आहोत, लोभ दोघांपुरता तरी जपू.

तुझा दादा,
स्टॅनी

ता. क. पत्र बंद करण्याआधी चार जूनचा पेपर रद्दीतून काढला. खेळाचं पान पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं, त्यांच्यासाठी वाचायचो तेवढ्याच आवाजात. दोन-एक. शेवटी पेनल्टी होती. मग पेपर घडी करून ठेवला, एका माणसापुरते तांदूळ धुतले आणि चुलीवर ठेवले.