जसकरणची मिठी

ती. स्व. दिगंबरदादांस,

नंदकुमारचा वाकून नमस्कार (कंबर अजून वाकते, हे वहिनींनाही कळवावे). सांगलीच्या हवेत तुमचे गुडघे काय म्हणतात? इकडे चंडीगडला सुनेत्रा बरी आहे. ईश्वरी मराठीत ऐकते आणि हिंदीत उलट बोलते.

पत्र लिहिण्याचं निमित्त, आमचा खो-खो. बागेमागचं मैदान दोन वर्षांपूर्वी मी स्वतः आखलं. सत्तावीस मीटर बाय सोळा. (प्रयोगशाळेत मोजमापं घेण्यात आयुष्य गेलं, फक्कीची रेघ दोन सेंटिमीटर सरकली तरी मला जेवण जात नाही.) प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र माझ्याकडे नाही, नियमपुस्तकाची पारायणं आहेत. शिवाय शाळेपासून खांबापाशी असलेला माणूस मी, हे तुम्ही जाणताच. पण निवासी समितीचे अध्यक्ष बावासाहेब यांना तिथं पिकलबॉल (टेनिसचं नवं धाकटं भावंड) हवाय. त्यांनी बजावलं, रविवारी सामना दाखवा. लोक जमले तर ठीक, नाहीतर सोमवारी जाळी ठोकतो.

संघ म्हणाल, तर नऊपैकी सात मराठी. बदलीचा हुकूम खिशात घेऊन धावणारे फौजी, आणि सुश्रुत, सेक्टर बत्तीसच्या इस्पितळात भूल देणारा डॉक्टर. आता खेळ देशभर पोचला म्हणून भाषणं ठोकायची आणि परराज्याच्या बनियनमध्ये आपलीच सांगली-साताऱ्याची पोरं कोंबायची, हा लबाडपणा मला मान्य नाही. (परदेशांचे संघ पाहा. झेंडा त्यांचा, आडनावं आपली.) म्हणून मी झिरकपूरहून डेअरीवाला जसकरण आणि त्याचे मित्र आणले. जसकरण सहा फूट दोन इंच (मोजलाय), आणि सगळे कबड्डीत वाढलेले.

तीन आठवडे घसा फोडला: चौकात उकिडवे बसा, पाठीवर खो मिळाला की उठा, पळणाऱ्याला नुसता हात लावा. बसायलाच तयार होईनात. झिरकपूरच्या ट्रॅफिकमध्ये तासभर बसून आलो, म्हणे, इथंही बसायचं?

रविवारी सुश्रुत पळत होता. जसकरणला खो मिळाला. त्यानं हात लावला नाही. कंबरेत मिठी मारली, डॉक्टर उचलला, आडवा केला आणि वर बसला. मी शिट्टी फुंकत धावलो, सोड रे, नुसता हात लावायचा! तर वरून म्हणतो, "अंकल जी, मसां फड़या है, हुण छड्डां क्यों?" मुश्किलीनं धरलेला माणूस सोडायचा कशाला, हा त्याचा प्रश्न; नियमपुस्तकात उत्तर सापडलं नाही. सुश्रुत आयुष्यभर दुसऱ्यांना भूल देत आला, त्या दिवशी स्वतः घेतली. आणि लोक? कुठूनसा ढोल आला, बावासाहेब खुर्चीवर उभे राहून नाचले. सत्त्याऐंशी प्रेक्षकांत (मोजले) हा नियमभंग आहे हे ठाऊक असलेला मी एकटा.

मैदान डिसेंबरपर्यंत वाचलं. पुढची अट अशी की चंडीगडचा संघ राष्ट्रीय स्पर्धेत खेळला पाहिजे. तिथं खरे पंच असतील आणि जसकरण अजून मिठ्याच मारतोय. वर आता फौजींनाही शिकवतोय. तरीही स्थानिक पोरांच्या तत्त्वावर मी ठाम आहे.

तुमचा,
नंदकुमार

ता. क. तुमच्या शंतनूच्या आधार कार्डावर आमचा पत्ता चढवायला किती दिवस लागतील? पुढच्या आठवड्यात त्याला पाठवाच, सोबत दोन-तीन चपळ मित्रही. इथं कुणी आडनाव विचारलं तर पुटपुटावं.

ता. ता. क. शाळेच्या संघात मी चार वर्षं खांबापाशी होतो, असं इथं सगळ्यांना सांगितलं आहे. शंतनूनंही तेवढंच सांगावं. शाळेकडे खांब एकच होता आणि दुसऱ्याच्या जागी मास्तर मला उभं करायचे, ही बातमी सांगलीतच राहू द्या.