अठरा वर्षांनी चिखलात

प्रिय चिखल्या,

फोनवर तू मला एकही वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि तुझा आवाज ऐकला की माझा राग पाघळायला लागतो, ही जुनी खोड. म्हणून लिहितोय. लॅबमधल्या टेबलाशी बसूनच लिहितोय. एका बाजूला मेणात बसवलेले कुणाचे तरी वरचे दात आहेत, दुसऱ्या बाजूला प्लास्टरचे जबडे वाळत पडलेत. कवळ्या बनवणाऱ्या माणसाला सहसा कशाची किळस येत नाही. लोकांच्या तोंडाचे साचे, वाळलेली लाळ, किडलेल्या दाढांचे वास, सगळं अंगवळणी पडलंय. पण त्या रविवारपासून माझ्या घशाशी जे येऊन बसलंय, ते काही केल्या खाली उतरत नाही.

आधी अंगाची खबर देतो. क्लच दाबून दाबून डाव्या हाताची बोटं सकाळी उघडतच नाहीत, गरम पाण्यात धरावी लागतात. मांड्यांवर निळेहिरवे डाग उमटलेत. जिना उतरताना मी कठडा धरून आडवा उतरतो आणि दोन्ही मुली खाली उभ्या राहून हसतात. हिनं निघतानाच सांगितलं होतं, "जायचं तर खुशाल जा. हौसेला मोल नसतं. हाडांना असतं, एवढं ध्यानात असू दे." आल्यावर मी कपडे बादलीत टाकले आणि किती तरी वेळ साबणानं हात चोळत बसलो, तेव्हा तिनं फक्त दारातून विचारलं, "काय झालं?" मी म्हणालो, दमलोय. ते खरं नव्हतं.

अठरा वर्षं मी मोटारसायकलवर डांबर सोडून उतरलो नव्हतो. जुळ्या मुली झाल्या, बाबांनी अंथरूण धरलं, लॅबचं बस्तान बसवायचं होतं. गाडी विकली तेव्हा फारसं वाईटही वाटलं नाही, कारण वाईट वाटून घ्यायला सवड नव्हती. पण तू सोडली नाहीस. तुझ्या त्या मोटारसायकल शिकवायच्या शाळेची पाटी लागली, माणसं लांबून लांबून यायला लागली, तेव्हा मी इथे सगळ्यांना सांगत सुटलो की ह्यानंच मला शिकवलं. आणि शिकवलंस ते किती छान. उतारावर पुढचा ब्रेक आवळायचा नाही, नजर खड्ड्यात नाही तर खड्ड्याच्या पलीकडे ठेवायची, गाडीशी भांडायचं नाही. नदीच्या पात्रात मी आपटलो आणि गळ्याखालचं हाड मोडलं, तेव्हा तू अंगातला शर्ट फाडून माझा हात गळ्यात बांधलास आणि उघड्या अंगानं मला मागे बसवून घेऊन गेलास. वाटेत सारखा विचारत होतास, "पंक्चर, जागा आहेस ना?" मी शुद्धीवर राहावं म्हणून तू अख्ख्या रस्त्यात मला पाढे म्हणायला लावलेस. म्हणून तू "ये एकदा, सगळी सोय आहे" म्हणालास तेव्हा मी नवऱ्यामुलासारखा आनंदानं निघालो.

पहिली शिसारी आली ती हेल्मेटची. तुझ्या शाळेतल्या पोरांनी भाड्याची हेल्मेटं प्लास्टिकच्या टोपलीत एकावर एक टाकली होती. मी एक डोक्यात घातलं आणि दुसऱ्या कुणाचा तरी जुना, आंबलेला घाम माझ्या गालांना चिकटला. आतला स्पंज ओला होता. हनुवटीच्या पट्ट्यावर कसलं तरी कोरडं खरकटं. मी काढून उन्हात ठेवावं म्हटलं तर तू म्हणालास, "दात करतोस की अत्तर?" सगळे हसले, मीही हसलो. म्हटलं, इतकी वर्षं खुर्चीवर बसून आपलंच नाक शेफारलंय.

आणि मग एक गोष्ट घडली ती तुला सांगितलीच पाहिजे. त्या पिवळ्या मातीच्या लांब पट्ट्यावर मी फूटरेस्टवर उभा राहिलो, गाडी अंगाखाली डुलायला लागली, मागचं चाक घसरलं आणि माझ्या पायांनी ते मला न विचारता सावरलं. अठरा वर्षं जे गुडघे पायरीला कुरकुरत होते ते दगडावरून उडी घेत होते. मी हेल्मेटच्या आत मोठ्यानं ओरडत होतो. त्या क्षणी तो वासही जाणवला नाही. मला आयुष्यात इतकं बरं क्वचितच वाटलंय. पुढे जे झालं ते आठवताना हेही आठवतं, आणि मग स्वतःचीच किळस येते, की त्याच दिवशी, त्याच गाडीवर, मला मजा येत होती.

झऱ्याजवळ ती मजा संपली. तू सगळ्यांना पाण्यातून आरपार काढलंस, पुन्हा वळवलंस, पुन्हा काढलंस, कारण तुझ्या कॅमेरावाल्याला पाण्याची भिंत हवी होती. पाणी गढूळ झालं, काठावरचं गवत उपटून चाकांना गुंडाळलं गेलं, वर तेलाचा तवंग आला. काठावर बसून सगळ्यांनी खाऊन घेतलं आणि रिकाम्या बाटल्या, हात पुसलेले ओले कागद, चिकट पाकिटं तिथेच टाकली. एकानं तर झऱ्याच्या तोंडाशीच लघवी केली. शेळ्या घेऊन एक म्हातारी आली. ती ओरडली नाही. "हे पाणी आम्ही पितो," एवढंच म्हणाली. तू गोड हसून म्हणालास, "मावशी, तासाभरात निवळतं बघा." ती म्हणाली, "मग थांब तासभर, आणि तू पी आधी." त्यावर तू तिला सलाम ठोकलास आणि गाडी चालू करून पाण्यातूनच गेलास. तिचं लुगडं भिजलं. मी खाली वाकून चार बाटल्या उचलल्या आणि पाठीवरच्या पिशवीत कोंबल्या. तेवढंच. शूरपणा म्हणावा असं काही मी केलं नाही.

नंतर तो चढ. आपल्यात ते विमा कंपनीतले गृहस्थ होते, पन्नाशीचे, गोल चष्म्याचे. त्यांचे बूट इतके नवे होते की चालताना करकरत होते. पन्नासाव्या वाढदिवसाला लेकीनं त्यांना ही सफर भेट दिली होती, हे त्यांनी सकाळपासून प्रत्येकाला सांगितलं होतं. चढाच्या पायथ्याशी त्यांनी इंजिन बंद केलं आणि सगळ्यांसमोर तुला म्हणाले, "सर, हे मला झेपणार नाही. मी चालत येतो वर, गाडी कुणीतरी आणा." मी त्यांच्या शेजारी होतो. तू काय म्हणालास ते शब्दन् शब्द मला पाठ आहे. "चालायचंच होतं तर चपला घालून यायचं होतं, साहेब. बसा. रेस सोडायची नाही, बाकी मी बघतो." पुन्हा सगळे हसले. ते लाल झाले, चष्मा पुसला आणि बसले. मी त्या वेळी हसलो नाही, पण काही बोललोही नाही.

मध्यावर पुढचं चाक उचललं गेलं, गाडी त्यांच्यावर उलथली आणि गाडीसकट घसरत खाली येऊन ते थेट त्या मोठ्या दगडाशी अडकले. पाय खाली, गाडी वर, आणि तापलेला सायलेन्सर नडगीवर टेकलेला. ते किंचाळले नाहीत, चिखल्या, ते "अहो, अहो" म्हणत होते. एखाद्या गर्दीत कुणाला रस्ता मागावा तसे. तू त्यांच्यापासून जेमतेम पाचसहा पावलांवर उभा होतास. मी धावलो तेव्हा तू माझ्यासमोर हात आडवा धरलास आणि म्हणालास, "थांब, आधी घेऊ दे त्याला." कॅमेरावाला गुडघ्यावर बसून नेम धरत होता. मी तुझा हात झटकला. गाडी उचलली तेव्हा पँटचं कापड वर आलं आणि त्याबरोबर कातडीही आली. तो वास मला माहीत नव्हता. आता माहीत आहे. मी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि गॅसवर काही करपलेलं असलं, की परत फिरतो.

पिशवीतलं माझं प्यायचं पाणी मी त्यांच्या पायावर ओतत होतो आणि तू वाकून त्यांना म्हणत होतास, "काही नाही हो, हा तर आमच्यातला शिक्का. सगळ्यांना बसतो." मग तू घड्याळ बघितलंस आणि उरलेल्यांना घेऊन पुढे निघालास, कारण उजेड होता तोवर तुला वरच्या पठारावर पोचायचं होतं. टेम्पोच्या मागे त्यांना आडवं घालून मी आणि ड्रायव्हर दवाखान्यात गेलो. घोटा दोन ठिकाणी मोडलाय, आणि मांडीची कातडी काढून नडगीवर लावलीये. मी दोनदा जाऊन आलो. पहिल्यांदा गेलो तर मला म्हणाले, "माझ्यामुळे तुमची मजा बुडाली. इतक्या वर्षांनी आला होतात म्हणे." उशाशी त्यांची लेक बसली होती. नवे बूट पिशवीत घालत होती, काढत होती, पुन्हा घालत होती. भेट तिनं दिली होती ना.

आणि तो व्हिडिओ. त्याच संध्याकाळी तू तो टाकलास, वर घोडा खिंकाळल्याचा आवाज लावून. मला लॅबमधल्या माझ्याच मदतनीसानं दाखवला, त्याला माहीत नव्हतं की मी तिथे होतो. तो हसत होता. "अहो, अहो" च्या जागी खिंकाळणं बसवलंय. तू ते कापून बसवायला बसलास, पुन्हा पुन्हा ऐकलं असशील, आणि तरी बसवलंस. शर्ट फाडणारा माणूस कोणत्या वळणावर गळून पडला ते मी शोधतोय. प्रसिद्धी म्हणावी तर तुला पूर्वीही लोक ओळखायचे. पोटाचा प्रश्न म्हणावा तर तसाही नव्हता.

परवा तुझा फोन आला. अपघाताची चौकशी लागली आहे, तुझा परवाना अडकलाय, साक्षीदार म्हणून माझं नाव आहे, आणि मी फक्त एवढंच सांगायचं की त्या गृहस्थांना तू खाली थांबायला सांगितलं होतंस, ते हट्टानं चढले. "बाकी सगळे तेच सांगणार आहेत, पंक्चर. तुझ्यापुढे तर मला बोलायचीही गरज नाही," असं तू म्हणालास. मी "बरं" म्हणालो. ते बरं म्हणजे ऐकलं, असं होतं. तू त्याचा अर्थ होकार असा घेतला असशील, म्हणून हे पत्र. आज दुपारी मी चौकशीला जाऊन आलो. पायथ्याशी ते काय म्हणाले, तू काय म्हणालास, आडवा हात, झरा, सगळं सांगितलं, वाचून घेतलं आणि सही केली. अधिकाऱ्यानं विचारलं, तुमचं त्यांच्याशी काही वैर आहे का? मी म्हणालो, नाही, ते माझे सगळ्यांत जुने मित्र आहेत. तो लिहायचा थांबला आणि माझ्याकडे बघत राहिला. हे तुला तिसऱ्याच्या तोंडून कळू नये एवढ्यासाठी लिहिलं. तू रागावशील, रागाव. पण त्याआधी एकदा वॉर्डात जाऊन ये, कॅमेऱ्याशिवाय. ते तुझी वाट बघताहेत. तुला तक्रार सांगायला नव्हे. त्यांना अजून वाटतं की चूक त्यांचीच झाली, आणि ते तुझी माफी मागणार आहेत. ती ऐकून घेणं तुला जमतं का, ते मला बघायचंय.

तुझाच, दुसरा शब्द अजून लिहवत नाही म्हणून,
पंक्चर