सर्वांत वाईट अध्यक्ष कोण?

सू फॉल्स,
९ ऑक्टोबर

प्रिय ड्वेन,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र शेकोटीत टाकलं नसशील, तर आधी खुशाली. माझा गुडघा कुरकुरतो, बाकी ठीक. तुझा मका काढून झाला का?

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी मतचाचणीवाल्यांकडे फोन करायच्या कामाला लागले. नंबर यंत्रच लावतं. महायुद्धानंतरचा अमेरिकेचा सर्वांत चांगला अध्यक्ष कोण, सर्वांत वाईट कोण, असं राज्यभर विचारत सुटायचं. समोर लिहिलंय तेच वाचायचं, आपलं मत आवाजातसुद्धा येऊ द्यायचं नाही. वीट आलाय. परवा एका बाईने दोन्ही प्रश्नांना एकच नाव दिलं आणि वर म्हणाली, "तुला जिथे बसवायचंय तिथे बसव, बाई." एका गृहस्थांनी स्वतःच्या जन्माआधी मेलेल्या अध्यक्षाला वीस मिनिटं शिव्या घातल्या. आणि यातून म्हणे क्रमवारी लागते, पेपरात छापून येते, ती वाचून लोक पुन्हा एकमेकांच्या अंगावर जातात. शिसारी येते मला.

आपणही त्यातलेच. अकरा वर्षांपूर्वी थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला, टर्की कापायच्याही आधी, आपण ज्याच्यावरून भांडलो त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. मी त्याला सर्वांत वाईट म्हटलं. तू म्हणालास, "असं म्हणणाऱ्यांनी माझ्या घरात जेवू नये." मी उठले. तुझी बायको, मार्वा बिचारी, माझ्यासाठी केलेला रुबार्बचा केक, आपलं कूखेन, कागदात गुंडाळून गाडीपर्यंत धावत आली. मी काच वर केली.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. मंगळवारी दुपारी यंत्राने लावलेला एक फोन तू उचललास.

"हॅलो" म्हणालास तेव्हाच ओळखलं. ओळखीचं माणूस निघालं तर फोन तिथेच थांबवायचा, असा आमचा नियम आहे. मी थांबवला नाही. कामावर माझं नाव ॲन. त्या ॲनशी तू तेरा मिनिटं इतक्या सभ्यपणे बोललास की माझं डोकंच फिरलं. परक्या बाईला मात्र "मॅम, मॅम"!

सर्वांत चांगला? "ट्रुमन. आमचे वडील तेच म्हणायचे."

सर्वांत वाईट? तू म्हणालास, "ते राहू द्या, मॅम. सांगता येत नाही, असं लिहा."

सांगता येत नाही! ड्वेन, अकरा वर्षं मातीत घातली आपण याच एका उत्तरापायी, आणि आता तुला सांगता येत नाही? कानावरचा हेडफोन भिंतीवर फेकावासा वाटला.

शेवटी घरचे प्रश्न असतात. घरात मोठी माणसं किती?

"एक," तू म्हणालास. "मार्चपर्यंत दोघं होतो."

संगणकाच्या पडद्यावर फक्त आकड्यापुरती जागा होती. मी एक टाकला. मग लिहिलं होतं तेच वाचलं: "आपण वेळ दिलात, आभारी आहोत." तू म्हणालास, "सर्दी झालीय तुम्हाला, मॅम. गरम काहीतरी प्या."

मार्वा गेली हे मला मतचाचणीतून कळलं. कळवलं नाहीस म्हणून आधी तुझी किळस आली. मग माझी आली. तू कळवणार तरी कुणाला होतास, काच वर करणारीला?

बुधवारी मी कामावरच्या आमच्या मुख्य बाईंना खरं सांगितलं. त्या मला बोलल्या आणि तुझी सगळी उत्तरं बाद केली. ट्रुमनचं एक मत गेलं, त्याला माझा इलाज नाही.

शनिवारी जेवणाच्या वेळेला येतेय. कूखेन मी करून आणते, मार्वाच्या हाताची चव त्याला येणार नाही. तुझ्या आवारात गाडी उभी करीन आणि काच खाली करून बसेन. दार उघडायचं की नाही ते तू ठरव. "सांगता येत नाही" एवढं मात्र मी या वेळी लिहून घेणार नाही.

सर्दी नव्हती रे ती.

तुझी बहीण,
आर्लिस